गाडी हवा ओढतेय

रायपूरच्या जयस्तंभ चौकातला सिग्नल लांबला की माझी गाडी थरथरायला लागायची. स्टिअरिंगवरच्या हाताला ते आधी कळायचं. मग आरपीएमचा काटा आठशेवरून सहाशेकडे घसरायचा, इंजिन दचकल्यासारखं करायचं आणि काटा पुन्हा वर यायचा. सिग्नल सुटून गाडी टाटीबंधच्या पुढे दुर्ग-नागपूर रस्त्याला लागली की मात्र सगळं सुरळीत. टर्बोची ओढ तशीच, पिकअप तसंच. महिनाभर मी दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि विझेना.

गाडी जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली, १.८ लिटरचं टर्बो-पेट्रोल इंजिन. पहिल्यांदा ज्या वर्कशॉपमध्ये नेली तिथे स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड निघाला. त्याचा अर्थ, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. पाच मिनिटांत निकाल लागला की ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, दिवा विझला, आणि चौथ्या दिवशी पुन्हा लागला.

जुना सेन्सर मी परत मागून आणला होता, तो अजून माझ्याकडे आहे. त्यात काहीच बिघाड नव्हता. तो खरं सांगत होता आणि खरं सांगितल्याबद्दल त्यालाच काढून टाकलं गेलं. गॅरेजांमधून हे इतक्या वेळा घडतं की हा कोड नेमकं काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, ते नीट मांडायची मला गरज वाटते.

पेट्रोल जळायला हवा लागते हे सगळ्यांना माहीत असतं. किती लागते याचा अंदाज फारसा कुणाला नसतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे अकरा किलो हवा. रायपूरच्या मे महिन्यातल्या तापलेल्या, विरळ हवेत हे अकरा किलो म्हणजे साधारण दहा हजार लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या दहा टाक्या डोळ्यांपुढे आणा. एवढी हवा एका लिटर पेट्रोलसाठी. हे प्रमाण अचूक जुळलं की त्याला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली तर लॅम्डा एकाच्या वर, म्हणजे मिश्रण लीन. पेट्रोल जास्त झालं तर एकाच्या खाली, म्हणजे रिच.

कार्बोरेटरच्या काळात हे प्रमाण मिस्त्रीच्या कानावर आणि प्लगच्या रंगावर चालायचं. प्लग काढला आणि टोक पांढरंफटक दिसलं तर लीन, काजळी धरलेलं असेल तर रिच, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर उत्तम. ज्यांच्या घरी स्कूटर होती त्यांनी वडिलांना सँडपेपरनं प्लग घासताना पाहिलेलं असणार. तो काळ मागे पडला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. धुरातले तिन्ही मुख्य विषारी वायू एकाच वेळी निष्प्रभ करणारा कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या अगदी जवळपासच नीट काम करतो, आणि इतकी अचूकता कानानं साधत नाही. बॉश कंपनीनं १९७६ मध्ये लॅम्डा सेन्सरचं, म्हणजे याच ऑक्सिजन सेन्सरचं, उत्पादन सुरू केलं आणि तो आधी व्होल्व्होच्या गाड्यांत बसला. शिसं मिसळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही निकामी करतं. आपल्याकडे २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा कुठे हा सेन्सर सगळीकडे निर्धास्त बसवता येऊ लागला.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत खुपसलेली झिर्कोनिया सिरॅमिकची अंगठ्याएवढी टोपी. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. साधारण ३०० अंशांच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकामुळे तिच्यात किंचित वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, उरला असेल तर ०.१. साध्या सेन्सरला एवढंच कळतं, ०.४५ च्या अलीकडे की पलीकडे. नंतरचे वाइडबँड सेन्सर नेमका आकडा सांगतात, पण मोजतात ऑक्सिजनच.

सगळी मेख इथे आहे. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. एखादा प्लग किंवा कॉइल मेली तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता तशीच बाहेर पडते, तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही. पेट्रोलचा त्या धुरात काही तोटा नसतो, पण सेन्सरला उरलेला ऑक्सिजन दिसतो आणि तो सांगतो, लीन. टर्बो आणि सेन्सर यांच्यामधल्या सांध्याचं गॅस्केट फुटलं तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते. इंजिन धडधाकट असतं, तरी सेन्सर म्हणतो लीन. म्हणून गाडी मिसिंग करत असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघावी. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर बोनेटखालून टिकटिक ऐकू येत असेल आणि गरम झाल्यावर ती थांबत असेल, तर एक्झॉस्टचे सांधे तपासावेत. लीनच्या मागे लागायचं ते त्यानंतर.

आता कोडकडे येऊ. सेन्सर 'हवा जास्त' म्हणाला की गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर क्षणभर जास्त उघडे ठेवतो, 'पेट्रोल जास्त' म्हणाला की कमी. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे त्या घडीची दुरुस्ती. ती सतत एकाच बाजूला जाऊ लागली की कॉम्प्युटर तिची सवय करून घेतो, ती लाँग टर्म ट्रिम. निरोगी गाडीत दोन्ही मिळून शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे. बेरीज वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की कॉम्प्युटर हात टेकतो आणि पी०१७१ नोंदवतो. याचा अर्थ असा की दिवा लागतो त्या क्षणी मिश्रण लीन असेलच असं नाही. लीन होऊ नये म्हणून चाललेली भरपाई मर्यादेला पोचली, एवढंच तो सांगतो. त्यामुळेच अशी गाडी पीयूसीत पास होऊ शकते. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांची २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा चाचणी होते, ०.९७ ते १.०३ च्या आत आकडा यावा लागतो. भरपाई चालू असेपर्यंत तो येतो. माझाही आला होता.

हे ट्रिमचे आकडे बघायला वर्कशॉप लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली जे सॉकेट असतं त्यात बसणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो आणि आकडे मोबाइलवर दिसतात. मी तो घेतला. एका संध्याकाळी इंजिन पूर्ण गरम करून, गाडी जागेवर उभी ठेवून लिहून काढलं: आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक २२, रेस करून २५०० वर धरली की अधिक १२.

या दोन आकड्यांमध्ये निदान होतं. ताप आलेल्या माणसाला डॉक्टर आधी विचारतात, ताप कधी चढतो? रात्री, दुपारी, एक दिवसाआड? लीनचंही तसंच आहे. किती लीन यापेक्षा कधी लीन, हा प्रश्न मोलाचा.

समजा थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला एखादी नळी फाटली आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते, त्या फटीतून हवा आत शिरते. ही हवा, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरसमोरून गेलेलीच नाही, म्हणजे हिशेबात नाही. माझ्या इंजिनाला आयडलला सेकंदाला सुमारे साडेतीन ग्रॅम हवा लागते. त्यात अर्धा ग्रॅम चोरून आली तर चूक झाली चौदा टक्क्यांची. २५०० वर इंजिन बारा-तेरा ग्रॅम घेतं. फट तीच, चोरी तेवढीच धरली, तर चूक जेमतेम चार टक्के. वाटीभर आमटीत एक पळी पाणी पडलं तर आमटी बिघडते. पंगतीच्या पातेल्यात तीच पळी पडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सिग्नलला थरथर आणि हायवेवर काही नाही. शिवाय फट एका सिलिंडरजवळ असेल तर जादा हवा त्याच्याच वाट्याला जास्त येते, आणि सेन्सर तर चौघांचा मिळून धूर बघतो. सरासरी जुळते, तो एक सिलिंडर मात्र उपाशीच राहतो.

उलट चित्र असेल, म्हणजे आयडलला ठीक आणि जोर लावला की ट्रिम चढते, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर जातो. पंप थकला, फिल्टर तुंबला, इंजेक्टर चोंदले. थोडं मागितलं तर मिळतं, जास्त मागितलं की पुरत नाही. आणि आयडल, हायवे, चढ सगळीकडे ट्रिम सारखीच वाढलेली असेल तर मोजमापातच खोट आहे किंवा पेट्रोल वेगळं आहे. एअर फ्लो सेन्सरमधली तार तापवलेली असते. वाहती हवा तिला किती गार करते त्यावरून हवा मोजली जाते. तारेवर धुळीचा थर बसला की तिला हवा कमी भासते, कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. उरला आणि सिलतरा भागातल्या स्पाँज आयर्न कारखान्यांची काळी धूळ रायपूरकरांना नवीन नाही. गच्चीवर वाळवण घालायचं तर वर पातळ कापड लावावं लागतं. एअर फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरांच्या निम्म्यातच बदलावा, असं माझं इथल्या रस्त्यांपुरतं ठाम मत आहे. तेल लावलेले 'परफॉर्मन्स' फिल्टर तर मुळीच नकोत. त्यांचं तेल उडून त्याच तारेवर बसतं.

माझे आकडे पहिल्या चित्राचे होते. ते कागदावर घेऊन मी भनपुरीकडच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी कागद बघितला, बोनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर सैल करून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "भैया, गाड़ी हवा खींच रही है." मग एक यंत्र काढलं. रंगाचा रिकामा डबा, झाकणात डिझेल गाडीचा ग्लो प्लग बसवलेला, आत बेबी ऑइल, एका बाजूनं टायरच्या पंपाची नळी आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर काढणारी. ग्लो प्लगला बॅटरी लावली की ऑइल तापून दाट पांढरा धूर होतो. बंद इंजिनाच्या इनटेकमध्ये तो फुंकरीइतक्या कमी दाबानं सोडला. पहिला मिनिटभर काही नाही. मग मॅनिफोल्डच्या खालून, जिथे हात जात नाही आणि नजरही पोचत नाही तिथून, उदबत्तीसारखी एक रेघ वर आली.

ती पीसीव्हीची नळी होती. पिस्टनच्या कडेनं निसटून इंजिनाच्या पोटात साठणारा धूर आणि तेलाची वाफ पुन्हा इनटेकमध्ये नेणारी. टर्बो गाडीत तिला दोन वाटा असतात. आयडलला वाफ मॅनिफोल्डमध्ये जाते. टर्बो दाब देऊ लागला की मॅनिफोल्डमधून उलटा झोत येऊ नये म्हणून वाटेतला वन-वे व्हॉल्व्ह मिटतो आणि वाफ टर्बोच्या तोंडाशी जाते. साध्या इंजिनात ही नळी फक्त ओढ सोसते. टर्बोमध्ये तिला ओढ, दाब, गरम तेल आणि शेजारी तापलेलं लोखंड असं सगळंच सोसावं लागतं. बाहेर काढली तेव्हा वरून शाबूत दिसत होती. खालच्या अंगाला बोटानं दाबली आणि पापडासारखी मोडली.

टर्बो गाडीत गळतीची जागा फार महत्त्वाची, कारण जागा बदलली की लक्षण उलटं होतं. एअर फ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्यामधला पाइप फाटला तर टर्बो बाहेरची न मोजलेली हवा ओढतो आणि मिश्रण लीन होतं. टर्बोच्या पुढचा, इंटरकूलरचा पाइप फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला तर मोजलेली हवा बाहेर फुसकन निघून जाते. पेट्रोल मात्र तिच्या हिशेबानं पडतं, म्हणून दाबाखाली मिश्रण रिच होतं, गाडी काळा धूर टाकते आणि पिकअप जातं. आजच्या बऱ्याच छोट्या टर्बो गाड्यांत हवेचं वजन थेट न मोजता मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून हवा काढतात. त्यांच्यात मॅनिफोल्डची फट लीनचा कोड न देता नुसतं आयडल बिघडवू शकते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं निदान आपल्या गाडीला लावण्याआधी तिच्यात कोणता सेन्सर आहे ते बघावं.

आयडलला लीन असलेली गाडी त्रास देते, पण इंजिन एकदम संपवत नाही. खरी भीती दाबाखालच्या लीनची. रायपूरहून जगदलपूरला जाताना कांकेरच्या पुढे केशकालचा घाट लागतो. मे महिन्याची दुपार, बाहेर ४५ अंश, गाडीत पाच माणसं आणि सामान, चढावर पाय खाली दाबलेला. टर्बोनं हवेचा दाब दुप्पट केला तर ती हवा टर्बोतून बाहेर पडताना १४० अंशांच्या आसपास तापलेली असते. इंटरकूलर तिला निववतो, पण त्याच्यावर येणारा वाराच मुळात ४५ अंशांचा. अशा वेळी कॉम्प्युटर मुद्दाम पेट्रोल जास्त सोडतो, लॅम्डा ०.८ ते ०.९ च्या घरात. हे जादा पेट्रोल जळण्यासाठी नसतं. त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, ज्योत पोचायच्या आधीच पेट घेऊ पाहणारं मिश्रण आवरतं, आणि टर्बोच्या पंख्यावर आदळणारा ९०० अंशांच्या वरचा धूर आटोक्यात राहतो.

आता याच क्षणी पंप कमी पडला आणि ०.८५ चा लॅम्डा १ वर आला, तर कागदावर मिश्रण अगदी 'बरोबर' दिसतं. पण या भाराखाली ते लीन आहे. ज्योत पोचायच्या आधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. नॉक सेन्सर तो ऐकून ठिणगी उशिरा पाडतो, त्यानं पिस्टन वाचतो पण धूर आणखी तापतो. असं वारंवार झालं की पिस्टनच्या रिंगांमधली ॲल्युमिनियमची कड तुटते किंवा व्हॉल्व्ह जळतो. आणि पूर्ण जोरात असताना अनेक गाड्या, विशेषतः जुन्या, सेन्सरचं ऐकून दुरुस्ती करतच नाहीत, ठरलेल्या तक्त्यानं पेट्रोल सोडतात. त्यामुळे अशा लीनला दिवा लागेलच याची खात्री नाही. घाटात ओढ एकाएकी कमी झाली, खडखड आली, तर दिव्याची वाट न बघता पाय काढावा, आणि घरी आल्यावर पेट्रोलचा दाब भाराखाली मोजून घ्यावा. उभ्या गाडीत मोजलेला दाब या दुखण्यात उपयोगाचा नाही.

माझ्या गाडीला नवी नळी बसली, दोन दिवस चालवली आणि पुन्हा आकडे लिहिले. आयडलला अधिक ८, २५०० वर अधिक ८. थरथर गेली होती. पण शून्य का नाही? आधीची वजाबाकी करून बघितली: २२ मधून चौदा गेले तर आठ, १२ मधून चार गेले तर आठ. म्हणजे गळतीबरोबर आणखी काहीतरी होतं, सगळीकडे सारखं.

ते पेट्रोलमध्ये होतं. फेब्रुवारी २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं. इथेनॉल उसाचं होतं, मक्याचं होतं, तांदळाच्या कणीचंही होतं. धानाच्या या मुलुखाचा त्याच्याशी संबंध जवळचा आहे. इथेनॉलच्या वजनात जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक किलो जळायला हवा लागते फक्त नऊ किलो. वीस टक्के मिसळल्यावर १४.७ चं प्रमाण १३.५ वर येतं. ज्या इंजिनाचं गणित शुद्ध पेट्रोलवर बसवलेलं आहे ते नेहमीइतकंच इंधन सोडतं, धुरात ऑक्सिजन उरतो, सेन्सर म्हणतो लीन, आणि ट्रिम साडेसात-आठ टक्के वर जाऊन स्थिरावते. दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाडीत हा फरक निम्माच, चार टक्क्यांच्या आसपास. ई-२० साठी जुळवलेल्या नव्या गाड्यांत तो आधीच धरलेला असतो.

जुन्या टर्बोवाल्यानं हे आठ टक्के लक्षात ठेवावेत. ते बिघाड नाहीत, पण भरपाईच्या पंचवीसातले आठ रोज खर्च होत असतात. पूर्वी जी बारीक फट नुसती आकड्यात दिसली असती ती आता दिवा लावते, आणि पंपालाही प्रत्येक चढावर तेवढं जास्त पुरवावं लागतं. मी पंपाचा दाब भाराखाली तपासून घेतला, ठीक निघाला.

आता ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही आहे. महिन्यातून एकदा, इंजिन गरम असताना, तारीख आणि दोन आकडे लिहितो. शेवटची नोंद जयस्तंभच्या सिग्नलवर उभ्या गाडीतली आहे: आयडल ८, आणि घरी पोचल्यावर २५०० वर ९.